ब्रेडच्या कडा

लालबाग
शुक्रवार, ११ जुलै २०२५

उन्मेष,

आशीर्वाद लिहावा की नाही याचा सकाळपासून विचार करते आहे. लिहिला आहे असं समज. तुझा पत्ता तुझ्या मित्राकडून, अभयकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याला गळ्याची शपथ घातली होती. फोन केला असता, पण तीन वर्षांत तू तो कधी उचलला नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलास हे मला कळतं. कागदाला तशी सोय नाही, ते बरं आहे.

तुझी चौकशी करायला लिहीत नाहीये. एकच विचारायचं आहे. तुझे बाबा तुला काही बोलले का? ते माझ्यापासून काहीतरी लपवतायत.

आपल्याकडे ब्रेड येतो तो फक्त यांच्या सकाळच्या चहाला, दिवसाला दोन स्लाइस. काल गुरुवार, मी दुपारी दत्ताच्या देवळात भजनाला गेले तेव्हा पुड्यात दहा होत्या. परत आले तर दोन. विचारलं तर म्हणाले, "भूक लागली गो." दुपारी दीड चपाती जास्त होते म्हणणारा माणूस एका दुपारी आठ स्लाइस खातो? बरं, खाल्ल्या म्हणावं, तर रव्याच्या डब्यामागे एका वाटीत ब्रेडच्या कडा सापडल्या. सुरीने सरळ कापलेल्या, एकीवर एक रचून ठेवलेल्या. आता म्हणतात, "दाताखाली कडक लागतात." कवळी बसवून वर्ष झालं नाही, त्याच कवळीने चकली फोडतात!

शिवाय तूप. निरांजनासाठी वेगळी बरणी असते, तुला माहीत आहे. तिच्यावर मी पेन्सिलीने खूण करून ठेवते. तूप खुणेच्या बोटभर खाली. देवाचं तूप कुणी घेतलं? मांजर आपल्याकडे नाही.

यांना साखरेचा त्रास सुरू झाल्याला आता चार वर्षं होतील. चोरून गोड खात असतील तर मला कळायला हवं. शेजारच्या जाईबाई आणि त्यांची सून रुपाली दोघी मला बघितलं की हल्ली बोलणं थांबवतात. त्यांचा यात हात असावा असं मला वाटतं.

तुला काही ठाऊक असेल तर दोन ओळी लिही. माझ्यासाठी नको, यांच्या तब्येतीसाठी.

आई


लालबाग
शनिवार, १९ जुलै २०२५

उन्मेष,

उत्तर आलं नाही. पत्र पोस्टात गहाळ झालं असं मी धरून चालते. पेटीत मी स्वतः टाकलं होतं, यांच्याकडे दिलं नव्हतं. कुणाच्या हातात काय द्यावं हेच हल्ली समजेनासं झालं आहे.

परवाच्या गुरुवारी संध्याकाळी हे घरी आले तर यांच्या अंगठ्याला टपोरा फोड. "चहा सांडला." चहाने भाजलेलं मला ओळखता येत नाही? शेगडीच्या बाजूला एक थेंब वाळला होता. नखाने उचलला तर काचेसारखा तुटला. जिभेवर ठेवला. साखर आणि वेलची. पाक आहे हा! तोही जास्त आटवलेला. गुलाबजामचा पाक बोटाला चिकटला की गॅस बंद करायचा असतो, तार येईपर्यंत उकळत बसायचं नसतं.

मग मी केराची बादली बघितली. हो, बघितली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार गोळे मिळाले. बाहेरून काळपट, मधून उकललेले, आत तेल शिरून मऊ पडलेले. खव्याचा गुलाबजाम फुटला तर रवाळ होतो, हे धाग्याधाग्याने सुटत होते. ब्रेडचेच. म्हणजे त्या आठ स्लाइस कुठे गेल्या ते कळलं. आपल्या घरात, माझ्या कढईत, कुणीतरी ब्रेडचे गुलाबजाम करतं.

गॅलरीत कपडे काढायला गेले तर जाईबाई आपल्या मालवणीत म्हणतात, "गो ललिते, तुझो घोव दुपारचो काय तळता गो? माळाभर वास सुटलो."

मी म्हटलं, "कोण, हे? यांना गॅस पेटवता येत नाही."

"होय तर!" म्हणाल्या. "म्हणान तर गॅस सिलेंडर वेळेआधी सपता." आणि आत गेल्या. आतून रुपालीचं हसू ऐकू आलं.

काल यांना रक्त तपासायला घेऊन गेले. वाटलं, आता सगळं बाहेर पडेल. साखर मागच्या वेळेपेक्षा कमी निघाली. डॉक्टर म्हणतात, "काका, पथ्य छान पाळताय." हे माझ्याकडे बघून नुसते हसले.

म्हणजे हे स्वतः खात नाहीत. मग करतात कुणासाठी? आणि गुरुवारीच का? गुरुवारी मी घरात नसते म्हणून, हे उघड आहे. दुपारी अंघोळ करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, आणि मी पाच वाजता येते तेव्हा घरी नसतात. सात वाजता येतात. "वाचनालयात होतो." वाचनालय गुरुवारी बंद असतं.

सदुसष्टाव्या वर्षी माणसाला काय सुचेल ते सांगता येत नाही. दुसऱ्या माळ्यावरच्या बकुळाबाई हल्ली गजरा माळतात. मी कुणाचं नाव घेत नाही, पण डोळे उघडे ठेवले आहेत.

तू मुलगा आहेस म्हणून लिहिलं. दुसऱ्या कुणाला हे लिहिण्यासारखं नाही.

आई


लालबाग
शुक्रवार, २५ जुलै २०२५

उन्मेष,

आज श्रावण लागला. महिनाभर खोटं बोलायचं नाही असं देवापुढे ठरवलं आहे, म्हणून जे केलं ते लिहिते. काल मी भजनाला गेले नाही. टाळ पिशवीत घालून बाहेर पडले आणि रुपालीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती म्हणाली, "काकी, पोलिसात भरती का नाही झालात तुम्ही?" मी म्हटलं, "गप्प बस आणि दार लोटून घे."

तीन वाजता तळणीचा वास सुरू झाला. चारला हे बाहेर पडले. हातात नॅपकिनमध्ये बांधलेला डबा. मी मागोमाग. बसमध्ये हे पुढे, मी मागे. डबा मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर, पूजेचा कलश धरावा तसे. वरळीला उतरले. मासे वाळत घातले होते त्या गल्लीतून आत गेले. नाकाला पदर लावून मीही गेले आणि एका बर्फाच्या हातगाडीमागे उभी राहिले.

निळं दार. यांनी कडी वाजवायच्या आधीच ते उघडलं, एक मुलगी धावत आली आणि यांच्या गुडघ्यांवर आपटली. "आबा!" म्हणाली.

म्हणजे बकुळाबाई नाहीत. तू आहेस.

किती दिवस चाललंय हे? मी इथे तांदूळ निवडत बसते आणि माझा नवरा दर गुरुवारी तुमच्या पायरीवर बसून डबा उघडतो! मग तुझी बायको संघमित्रा बाहेर आली. एक गुलाबजाम उचलला, बोटाने दाबून बघितला, काहीतरी म्हणाली आणि दोघं हसले. माझ्यावर हसले असणार. तो दाबून बघायचा प्रकार मला उद्देशूनच होता.

कारण जगात दुसरं गोड नव्हतं का? शिरा होतो, खीर होते. ब्रेडचेच गुलाबजाम का? मला टोचायला. तीन वर्षांपूर्वी गणपतीत ती नवी सून म्हणून पहिल्यांदा आली तेव्हा तेच घेऊन आली होती, आणि मी एवढंच म्हटलं होतं की ब्रेडचं आहे, नैवेद्याला चालत नाही. ब्रेड आंबवलेला असतो, कुठल्या भट्टीत कुणी कसा केला ते ठाऊक नसतं. ही आपल्या घरची रीत आहे. ती बौद्ध आहे म्हणून मी बोलले असा अर्थ तुम्ही काढलात आणि त्याच पावली निघून गेलात. माझ्या बोलण्यात तसं काही नव्हतं. हे मी तेव्हाही म्हटलं होतं, पण ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही.

आता यांनाही माझ्यापासून तोडायचं चाललंय का? सरळ लिही.

मुलीचं नाव ओजस्वी ना? अभय म्हणाला. मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही. कानात काही घातलेलं नाही, आणि डावी चप्पल उजव्या पायात होती.

आई

ता. क. यांना सांग, गोळे तडकतात कारण दूध कमी पडतं आणि आच मोठी असते. तेल कडक तापलं की गॅस बारीक करून मगच सोडायचे. माझ्याकडून कळलं असं सांगू नकोस.


लालबाग
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

उन्मेष,

काल यांना समोर बसवलं. म्हटलं, "मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी मी तुमच्या मागून आले होते."

"माहीत आहे," म्हणाले. "बसमध्ये सुट्ट्यावरून कंडक्टरशी भांडत होतीस. तुझो आवाज मी वळखूक नाय?"

"मग थांबला का नाहीत?"

"म्हटलं येते तर येऊ दे. तू बर्फाच्या गाडीमागेच अडकलीस."

मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे दिवाळीपासून. आधी नुसते जायचे. मग ओजस्वीला हे गुलाबजाम आवडायला लागले. संघमित्राला दुकानातले आणायचे नसतात, करायला तिला वेळ नसतो, सुट्टी फक्त गुरुवारी, तीही घरकामात जाते. म्हणून यांनी तिच्याकडून शिकून घेतलं. कडा काढायच्या, दूध शिंपडायचं, ब्रेड बुडवायचा नाही, तळव्याला तूप लावून भेग न ठेवता वळायचं. सगळं मला म्हणून दाखवलं, पाढे म्हणावेत तसं.

मी म्हटलं, "घरात बायको असताना सुनेकडे शिकायला गेलात?"

"तुझ्याकडे ब्रेडचं चालत नाही ना."

"देवाचं तूप मात्र चालतं हाताला लावायला!"

मग मीच पुढे बोलले. म्हटलं, ती तुम्हाला मुद्दाम हेच करायला लावते. तेव्हा नैवेद्याला म्हणून आणले, मी ठेवले नाहीत, त्याचा डंख अजून धरून ठेवलाय.

तर हे माझ्याकडे बघतच राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "अगो, ती कशाला नैवेद्याला आणेल? ती गणपती मानत नाही. त्यांच्यात नसतं ते."

"मग कशाला आणले होते?"

"तुझ्यासाठी. उन्मेषने सांगितलं होतं तिला, आईला गुलाबजाम आवडतात. खवा भेसळीचा मिळतो म्हणून तिने घरी ब्रेडचे केले. दारातून आत येऊन तुझ्या हातात दिले की! तूच नैवेद्याचं ताट घेऊन सगळ्यांकडून गोळा करत होतीस. तिचा डबा त्याच ताटात ठेवलास आणि परत उचललास."

मी म्हटलं, हे तुम्हाला तिने आता पढवलं. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि खाली दूध आणायला गेले. यांचं हेच मला आवडत नाही, भांडण अर्धं टाकून दूध आणायला जातात.

म्हणून तुला विचारते. तिने तो डबा माझ्यासाठी आणला होता का? हो किंवा नाही. फिरवून लिहू नकोस.

आणि काही असो, ब्रेडचं नैवेद्याला चालत नाही ही आपल्या घरची रीत आहेच. ती मी तिच्यासाठी शोधून काढली नव्हती. गणपतीची वही आहे माझ्याकडे, लग्न होऊन आले त्या वर्षापासूनची. कुणी काय आणलं, नैवेद्याला काय ठेवलं, कुणाकडे काय पाठवलं, सगळं त्यात आहे. ती पोटमाळ्यावरून काढते आणि तुला पुरावा पाठवते. मग बघ.

आई


लालबाग
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

संघमित्रा,

हे पत्र तुला आहे. उन्मेषचं उत्तर आलं. पोस्टकार्डावर दोनच वाक्यं. "हो, तुझ्यासाठी आणले होते. बाकी जे लिहायचं ते तिला लिही, मला नको." अक्षर अजून तसंच आहे, ओळ वर चढत जाते.

मी वही काढली. चाळीस वर्षांच्या नोंदी. ब्रेडचं कुणाचं कधीच ठेवलं नाही हे मला दाखवायचं होतं. पहिली तीस-पस्तीस वर्षं बघितली, कुणी आणलेलंच नव्हतं. मला बरं वाटायला लागलं. मग तू आलीस त्याच्या आदल्या वर्षाचं पान आलं. माझ्याच अक्षरात लिहिलं आहे. "जाईबाई, ब्रेडचे गुलाबजाम, एकवीस. नैवेद्याला ठेवले. छान झाले होते. त्यांना करंज्या पाठवल्या."

मी ते पान तीनदा वाचलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल, ओळ चुकली असेल. नाही. जाईबाईंनी तेव्हा मला कृतीसुद्धा सांगितली होती, ती खाली लिहून ठेवली आहे. म्हणजे ते ब्रेडचे आहेत हे ठेवण्याआधी मला माहीत होतं. त्या वर्षी ब्रेड चालला. पुढच्या वर्षी चालला नाही.

मी विसरले होते असं आधी लिहिणार होते. या कागदाच्या आधी एक कागद फाडला, त्यात तसं लिहिलं होतं. पण श्रावण आहे. मी विसरले नव्हते. तुझा डबा उचलताना जाईबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या आणि त्या काही बोलतील म्हणून मी घाईने बोलले. हे मला तेव्हाही कळत होतं.

उन्मेषला मी लिहिलं की, नैवेद्याला चालत नाही, एवढंच म्हटलं. ते खरं नाही. मी म्हटलं होतं, "आमच्याकडे कुणाच्याही हातचं देवापुढे ठेवत नाहीत." माळ्यावरच्या सगळ्या बायका तिथे होत्या. त्यांच्या हातचे मोदक त्याच ताटात होते. आणि मग वाया जाऊ नये म्हणून तो डबा मी तुझ्यासमोर जिना झाडणाऱ्या बाईला दिला. वाया जाऊ नये म्हणून, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. त्या बाईला मी त्याच्या आधी किंवा नंतर कधी गोड दिलेलं नाही. तेही वहीत नाही.

तुझ्या पोटात तेव्हा ओजस्वी होती हे मला नंतर कळलं.

ब्रेडचं कारण खोटं होतं. काल अंगारकी होती, उपास सोडायच्या आधी हे देवापुढे म्हटलं. आज तुला लिहिते आहे. हे उद्या पत्र घेऊन येतील. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे, त्यांनी वाटेत वाचू नये म्हणून.

ललिता आनंदराव (उन्मेषची आई)


लालबाग
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

संघमित्रा,

गेल्या आठवड्यात हे तुझ्याकडून परत आले आणि म्हणाले, "वाचलं तिने. राग गेला हो तिचा."

मला शंका आली. यांचा चेहरा राग गेल्याच्या बातमीसारखा नव्हता. विचारलं, "कोणत्या शब्दांत म्हणाली?"

"असंच... बघू म्हणाली."

मी पानात आमटी वाढली, भात वाढला नाही. म्हटलं, शब्द सांगा, मग भात. आमटी निवायला लागली तेव्हा सांगितलं. तू म्हणालीस, "बोलताना अख्खी चाळ होती, आणि कबुली बंद पाकिटात?"

मला राग आला. खोटं कशाला लिहू! वाटलं, एवढं लिहून दिलं, अजून काय पाहिजे हिला? माझ्या वयाचा काही मान? म्हणजे मला चाळीत मान खाली घालायला लावायची, हाच तुझा पहिल्यापासून डाव, असंही मनात आलं. चार दिवस यांच्याशीही बोलले नाही. पण तुझं वाक्य काही केल्या खोडता येईना. दळण निवडताना, देवाची भांडी घासताना, प्रत्येक वेळी तेच कानात असायचं.

काल पिठोरीची अमावास्या. सकाळी मी ब्रेड आणला. यांना म्हटलं, "बसा, वळून द्या." म्हणाले, "आज काय गुरुवार आहे?" मी म्हटलं, "वळा." त्यांचे गोळे चांगले होतात, भेग राहत नाही, हे तू शिकवलंस ते नीट शिकवलंस. तळले मी, मंद आचेवर. एकही फुटला नाही. आधी देवापुढे ठेवले. काही झालं नाही. निरांजन रोजच्यासारखं जळत राहिलं.

दुपारी गॅलरीत आम्ही गणपतीसाठी वाती वळायला बसतो. जाईबाई, रुपाली, बकुळाबाई, समोरच्या खोलीतल्या दोघी. मी मध्ये थाळी ठेवली. रुपालीने एक तोंडात टाकला. "काकी, मस्त! खवा कुठला?"

"खवा नाही. ब्रेड आहे," मी म्हटलं. "सकाळी नैवेद्याला ठेवले होते."

रुपालीचा घास गालातच राहिला. जाईबाईंचा हात वातीवर थांबला. मग मी सगळं सांगितलं. उभी राहून नाही, बसूनच, पण मोठ्याने. तीन वर्षांपूर्वी माझ्या सुनेने माझ्यासाठी हेच आणले होते, मी ब्रेडचं निमित्त करून तुमच्यासमोर तिचा अपमान केला, आणि ब्रेडचं काही नव्हतं. तिच्या हातचं मला नको होतं.

जाईबाई म्हणाल्या, "गो, पण माझे पण ब्रेडचेच होते तेव्हा."

"माहीत आहे. ते मी ठेवले."

"मगे?"

"मग तेच सांगते आहे, जाईबाई."

बकुळाबाईंनी गजरा सारखा केला आणि म्हणाल्या, "सुनेने वदवून घेतलं वाटतं!" मी म्हटलं, "हो, तिनेच. माझ्याच्याने आपणहून झालं नसतं." मग त्याच बकुळाबाई थोड्या वेळाने खाली बघून म्हणाल्या, "तेव्हा आम्हीही होतो ना गं तिथे. मी तर हसले होते." जाईबाईंनी हात पुढे केला. थाळीतला एक गुलाबजाम घेतला, खाल्ला, दुसरा घेतला. समोरच्या खोलीतली एकजण मात्र न खाता उठली. तिचंही नाव मी लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मी तिच्याच जागी होते.

हे सगळं खरं आहे का, असा संशय तुला येईल. मला आला असता. रुपालीला विचार, तिचा नंबर उन्मेषकडे आहे. मला वगळून विचार.

बुधवारी गणपती येतील. तू ये असं लिहीत नाही. तू मानत नाहीस, मी मानते, ते तसंच राहू दे. मला गुरुवारी तुझ्याकडे यायचं आहे, यांच्याबरोबर. येत्या गुरुवारी नाही, घरात विसर्जन आहे. त्याच्या पुढच्या, चार सप्टेंबरला. आत बोलावलंस तर बसेन. पायरीवर बस म्हणालीस तर पायरीवर बसेन, बसायला जागा आहे ते मी बघितलं आहे. ओजस्वीला मी कोण ते तुला वाटेल तसं सांग. काहीच सांगू नको वाटलं तरी चालेल.

फक्त निरोप यांच्याकडे देऊ नकोस. हे भले गृहस्थ आहेत, सगळं गोड करून सांगतात. कागदावर लिही. "या" लिही किंवा "येऊ नका" लिही. मी एस. एस. सी. पास आहे, दोन्ही मला वाचता येतं.

ललिता